बेळगुंदीच्या वळणावरचा दोष

बेळगावाहून पश्चिमेस निघालेला रस्ता शहराची वस्ती मागे टाकू लागला की मातीचा रंग तांबडा होतो, भाताची खाचरे आणि रताळ्यांची राने दिसू लागतात आणि थोड्याच वेळात बेळगुंदी येते. याच बाजूला राकसकोपचा जलाशय आहे. मार्कंडेय नदीचे तेथे अडविलेले पाणी बेळगाव शहर पिते. सह्याद्री जवळ असल्यामुळे पावसाळ्यात येथे छत्री ही केवळ हातातील शोभा ठरते. अशा मुलखात रात्री-अपरात्री आजाऱ्याचा निरोप येतो. तेव्हा दाराशी उभी असलेली मोटारसायकल चालेल की नाही, हा प्रश्न थट्टेचा राहत नाही.

आमच्या जुन्या गाडीला एक चमत्कारिक रोग जडला होता. सरळ रस्त्यावर ती निमूट धावे; डावीकडच्या वळणावर मात्र यंत्र एकाएकी गप्प होई. हँडल सरळ करून किक मारली की पुन्हा सुरू! कारागिराच्या दारी तर वैद्यापुढे ताप उतरावा तशी ती शहाण्यासारखी वागे. शहरातील एकाने बॅटरी बदलली, दुसऱ्याने प्लग बदलला. पैसे गेले, रोग राहिला.

अखेर बेळगुंदीतच एका तरुण मेकॅनिकने पहिला शहाणा प्रश्न विचारला : “बंद पडल्यावर हॉर्न वाजतोय काय वो फादर?” वाजत होता. म्हणजे बॅटरी आणि फ्यूज निर्दोष. दोष केवळ ठिणगीकडे जाणाऱ्या वाटेवर. आम्ही मोठ्या हौसेने मीटर पुढे केला. तो म्हणाला, “मीटर ठेवा की वो, बल्ब लावून बघूया.”

या बोलण्यात मोठे मर्म आहे, वाचकहो. मीटर स्वतः जवळजवळ वीज ओढीत नाही. त्यामुळे तारेची तुटलेली टोके एकमेकांना निसटती टेकत असली तरी तो खुशाल 12 व्होल्ट दाखवितो. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब मात्र पावणेदोन अँपिअरच्या आसपास वीज मागतो. वाट कच्ची असेल तर तो मंदावतो किंवा विझतो. ओझे खांद्यावर दिल्यावाचून बैलाचा लंगडेपणा कळत नाही, तसेच हे.

त्याने पेट्रोलची टाकी उतरविली. बल्बची एक तार गाडीच्या सांगाड्याला आणि दुसरी कॉइलकडे वीज येते त्या टोकाला जोडली. हँडल सरळ : बल्ब लख्ख. हँडल डावीकडे : अंधार. मग तीच तार चावीच्या स्विचमधून वीज बाहेर पडते तेथे लावली. हँडल कसेही फिरविले तरी बल्ब तेवत राहिला. दोष या दोन टोकांच्या दरम्यान, हँडलच्या मानेपाशी कोंडला गेला.

तेथे तारांचा जुडगा प्लॅस्टिकच्या पट्ट्याने सांगाड्याला करकचून आवळलेला होता. प्रत्येक वळणावर तार त्याच जागी ताणली जाई. वरचे आवरण शाबूत, आतील तांबे तुटलेले! दोन्ही हातांनी तार ओढताच ती त्या जागी रबरासारखी लांबली.

तुटका भाग कापून त्याने नवा तुकडा डाख देऊन जोडला. पण दोन्ही सांधे मानेपाशी न ठेवता दूर ठेवले, एक टाकीखाली आणि दुसरा हेडलाइटच्या घुमटीत. डाख दिलेली तार ताठ होते आणि सतत वाकणाऱ्या जागी त्या डाखाच्या कडेलाच पुन्हा तुटते, असे त्याचे म्हणणे. ते आम्हांस सर्वस्वी पटले. मानेपाशी तारेला पुरेसा ढिलेपणा देऊन पट्टा सैल बांधला.

मग बल्ब तसाच कॉइलपाशी ठेवून हँडल वीस-पंचवीस वेळा दोन्ही बाजूंस फिरविले. बल्ब लवला नाही. टाकी चढविण्यापूर्वी त्याने त्याच जुडग्यातील हॉर्नची तार ओढून पाहिली. तीही एका जागी किंचित लांबत होती. तीही बदलली.