साहेबाचा बंगला, शेटजीचें दुकान

पलटण, रिसाला, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा हीं नांवें हिंगोलीकरांच्या तोंडीं इतकीं बसलीं आहेत कीं, हैदराबाद कंटिंजंटची छावणी 1903 सालीं येथून उठली हें त्यांस मुद्दाम सांगावें लागतें. ज्या फौजेच्या खर्चापायीं निजामास 1853 सालीं वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवालीं करावा लागला, तिच्यापैकीं आतां येथें नांवेंच काय तीं उरलीं आहेत.

आणखी एक वस्तु उरली आहे असें कळल्यावरून, त्या काळचा म्हणून दाखविला जाणारा गांवाबाहेरचा एक पडका बंगला पाहण्यास आम्ही गेलों. जोतें उंच, भिंती हातभर जाड. तुळया व कौलें गरजूंनीं केव्हांच नेलेलीं. दिवाणखान्यांत रुई माजलेली. बरोबरचे वृद्ध गृहस्थ उंबऱ्याबाहेर थांबले. "आपण जा आंत. तेथें साहेबाचा वावर आहे," ते म्हणाले. कोणत्या साहेबाचा, असें विचारतां "साहेबाचा" एवढेंच उत्तर मिळालें. आंत वटवाघळांखेरीज कोणी भेटलें नाहीं.

ओसाड घर दिसलें कीं त्याच्या धन्यास कांहीं तरी पाप चिकटवावें, ही लोकांची जुनी खोड आहे. वास्तविक या छावणींतील खरें भय वेगळ्याच घरीं राहत होतें, आणि तें घर मुळींच ओसाड नव्हतें.

फिलिप मेडोज टेलर हा 1824 सालीं, पंधरा वर्षांचा असतांना, मुंबईस नोकरीसाठीं आला व त्याच सालीं निजामाच्या फौजेंत शिरला. त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी 1839 सालीं निघाली. तिच्या प्रस्तावनेंत हिंगोलीच्या छावणींतील हरिसिंग नांवाच्या व्यापाऱ्याची हकीकत आहे. हा गृहस्थ प्रतिष्ठित. टेलरचाही त्याच्याशीं देवघेवीचा संबंध होता. एकदां त्यानें मुंबईहून कापड आणण्यासाठीं रीतसर परवाना मागून घेतला. तें कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचें असून मालकासह वाटेवर आहे, हें त्यास ठाऊक होतें. त्यानें त्या मंडळीस गांठलें, सर्वांस ठार केलें आणि परवान्याच्या आधारें तोच माल छावणींत आणून उघड विकला. पुढें ठग म्हणून पकडला गेल्यावर त्यानें आपण होऊन हें सांगितलें, व तेंही एखादी गंमत सांगावी तसें! बाजारांतच, मुख्य चौकीपासून शंभर यार्डांच्या आंत, त्याच्या टोळीनें खून केले आणि प्रेतें पहाऱ्याच्या रांगेपासून फार दूर पुरलीं नाहींत, असेंही टेलर लिहितो.

हें सर्व जसेंच्या तसें मानावें काय? लिहिणारा कादंबरीकार, व तोही राज्यकर्त्यांच्या जातीचा. स्लीमन याच्या अमदानींत ठगांचीं प्रकरणें माफीच्या साक्षीदारांवर चालत, आणि ज्याचा जीव जबानीवर अवलंबून आहे तो जबानी आखूड कशास देईल? अलीकडच्या कित्येक इतिहासकारांनीं ठगांच्या कथांविषयीं शंका घेतली आहे, व ती आम्हांस रास्त वाटते. तथापि साक्षीदारांनीं दाखविलेले खड्डे उकरतांना आपण स्वतः हजर होतों, एकेकांत अनेक प्रेतें निघालीं, असें टेलर सांगतो. जबानी पढवितां येते. खड्डा कसा पढवावा? देवीचे कौल, रुमालाची दीक्षा वगैरे भाग आम्ही खुशाल सोडून देऊं. हा एवढा सोडवत नाहीं.

त्यांतही आमचें मन अडतें तें खुनांपाशीं नव्हे, कापडापाशीं. हरिसिंगाच्या दुकानीं सायंकाळीं दिवा लागत असेल, गिऱ्हाईक घासाघीस करीत असेल, सणासाठीं शिपायाची बायको खण निवडीत असेल. माल चांगला होता, भावही बहुधा बरा असावा. खड्डे उकरल्याची वार्ता बाजारांत पसरली त्या दिवशीं अनेकांच्या अंगावर तेंच कापड असलें पाहिजे. त्यांनीं तें टाकून दिलें, कीं विरेपर्यंत वापरलें?