उभी होडी तापते तेव्हा

धावताना इंजिन तापले तर माणूस घाबरतो आणि लगेच थांबवतो. उभ्याउभ्या तापले तर मात्र "जरा रेस दिली की उतरते" म्हणून सोडून देतो. शेतकरी बंधु-भगिनींनो, हा दुसरा आजार फसवा. तो आज रेस देऊन दबतो आणि नेमक्या अडचणीच्या दिवशी वर येतो.

कृषी विस्ताराच्या नोकरीत माझी काही वर्षे रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावांत गेली. तिथे काही घरांचे घर एका काठाला तर कलमांची बाग दुसऱ्या काठाला. खत, मजूर, आंब्याच्या पेट्या, आजारी माणूस, सारे होडीनेच जायचे. अशाच एका कुटुंबाच्या होडीत लहान डिझेल इंजिन होते. खाडीचे पाणी पंपाने ओढून ते इंजिनाभोवती फिरायचे आणि धुराबरोबर मागून बाहेर पडायचे.

ऐन मे महिन्यात त्या घरचा मालक म्हणाला, "साहेब, पळताना काय एक नाय. धक्क्याला उभी राह्यली की तापते. पेट्या चढेपर्यंत वाफ निघते."

एका कारागिराने त्याला इंजिन उतरवून पूर्ण खोलायला सांगितले होते. म्हणजे दहा-पंधरा दिवस होडी बंद. आंबा काही थांबत नाही. शिवाय खर्चासाठी कर्ज काढायचे बोलणेही घरात सुरू झाले होते. घरची बाई मला म्हणाली, "भाऊ, पावसाच्या आत आंबा उतरला नाय तर वरीसभर काय करायचं?"

मी काही मिस्त्री नव्हे. पण कृषी पदवीला पंप आणि इंजिने शिकावी लागतात. मी म्हटले, आधी पाण्याची वाट तपासू, मग इंजिनाला हात लावू.

विचार साधा आहे. धावताना इंजिन जास्त उष्णता करते. तरीही तेव्हा ते थंड राहते, याचा अर्थ पाणी जायची वाट बरीचशी मोकळी आहे. स्लोवर उष्णता कमी, तरी तापते, म्हणजे स्लोवर पाणीच पुरेसे येत नाही. या पंपात रबरी पात्यांची फिरकी असते. पात्यांची टोके झिजली की कमी वेगात पाणी पुढे न ढकलता मागे सरकते. वेग वाढला की तीच झिजकी फिरकी कसेबसे भागवते. लक्षात ठेवायला सोपे: स्लोवर तापते तर पहिला संशय पंपावर, धावताना तापते तर पहिला संशय तुंबलेल्या वाटेवर.

आम्ही क्रमाने पाहिले. मागची धार स्लोवर थेंब-थेंब, रेस दिल्यावर बरी. तळाची जाळी साफ. तिथे कधी प्लॅस्टिकची पिशवीही चिकटते. ओढीच्या नळीची क्लिप घट्ट. ती ढिली असली तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. पंप पट्ट्यावर चालत असेल तर पट्ट्याचा ताणही पाहावा. मग तळाचा कॉक बंद करून पंपाचे झाकण उघडले. कॉक बंद केल्याशिवाय हे झाकण कधीही उघडू नये, पाणी होडीत शिरते.

फिरकीची टोके गुळगुळीत झालेली, दोन पाती वाकून तशीच बसलेली, एक तुटलेले. तुटका तुकडा शोधल्याशिवाय झाकण लावायचे नाही, कारण तो पुढे अडकून वाट बंद करतो. तो पुढच्या नळीच्या वाकात सापडला. नवी फिरकी आणि नवे पॅकिंग घातले. धार स्लोवरही भरून येऊ लागली. दुसऱ्या दिवशी पेट्या पलीकडे गेल्या. कर्जाचे बोलणे तिथेच थांबले.

पण फिरकी झिजली का? ओहोटीला त्या धक्क्याशी पाणी थोडे आणि चिखल फार. पेट्या चढेपर्यंत इंजिन स्लोवर, आणि पंप तो गाळच ओढत राही. म्हणून नियम ठरला: भरताना इंजिन बंद, आणि चालू करायचे ते पुरेशा पाण्यात. पाण्याविना तर क्षणभरही चालवू नये, कोरडी फिरकी लगेच जळते. एक जादा फिरकी होडीत ठेवावी. खाऱ्या पाण्यावरच्या इंजिनातून सोय असेल तेव्हा गोडे पाणी फिरवावे, म्हणजे आत मीठ धरत नाही.

फिरकी नवी असूनही तापत असेल तर थर्मोस्टॅट अडकला आहे का पाहावे. तो कायमचा काढून टाकू नये. इंजिन फार थंड चालते आणि डिझेल नीट जळत नाही. खाडीच्या मधोमध तापले तर आधी नांगर टाकावा, मग इंजिन बंद करावे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये, हेड तडकते. इंजिनाला पाण्याचे झाकण असेल तर ते गरम असताना उघडू नये.

होडी नसलेल्यांनीही हे वाचावे. नदीकाठच्या पुष्कळ डिझेल पंपांवर इंजिनाला गार करणारे पाणी डिलिव्हरी पाइपातूनच एका छोट्या कॉकने येते. इंजिन फार स्लो ठेवले, किंवा फूटव्हॉल्व्ह, ज्याला आपण फुटबॉल म्हणतो, गळू लागला, की पिकाचे पाणी तुटते आणि इंजिनाचेही. पीक दोन दिवस तग धरते, इंजिन धरत नाही.

म्हणून पंप चालू करणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला, बाई असो की शाळकरी मुलगा, इंजिनातून बाहेर पडणारी धार दाखवून ठेवा. धार बारीक झाली की इंजिन बंद करायचे आणि पाण्याची वाट पहिल्या जाळीपासून तपासायची. पान्हा त्यानंतर हातात घ्यावा.