काष्टीची नोंद: रोजनिशीतील पाने

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

आज संक्रांत, आणि मराठी भाषा संवर्धन पंधरवड्याचा पहिला दिवस. शाळेत निबंध आणि घोषवाक्यं दरवर्षी होतात. यंदा आठवी-नववीच्या मुलांना मराठी विकिपीडियावर लिहायला शिकवायचं, असं मुख्याध्यापकांशी बोलून ठरवलं आहे. तिळगूळ द्यायला आलेल्या मुली दुपारी थांबल्या, तेव्हा सुरुवातच करून टाकली.

पहिल्यांदा धूळपाटी दाखवली. तिथं कितीही गिरवावं, पुसावं, कोणी रागावत नाही. मराठी टंकलेखनाची सोय त्या पानातच आहे, हे पाहून मुलींना हुरूप आला. मग एका लेखाचा ‘इतिहास’ उघडला. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुणी कोणता शब्द बदलला, ते सगळं ओळीनं दिसतं. पुसलेलंही जपून ठेवलेलं असतं.

एकीनं विचारलं, “बाई, एवढं लिहायला माणसं नेमलीत का?” नेमलेलं कुणी नाही. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, मराठी १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी. आज मराठीत नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत. शुद्धलेखन सुधारण्यासारखी एकसुरी कामं ‘सांगकाम्या’ नावानं ओळखले जाणारे प्रोग्रॅम करतात; बाकी बहुतेक सारं नोकरी, शेती, घर सांभाळून माणसांनीच लिहिलेलं आहे. मुली बराच वेळ ‘इतिहासा’तली ती नावांची यादी वाचत बसल्या.

१८ जानेवारी, शनिवार

शनिवार म्हणजे आमच्या काष्टीचा जनावरांचा बाजार. भीमेपलीकडच्या दौंडकडून आणि इकडे श्रीगोंद्याकडून पहाटेपासून टेम्पो यायला लागतात. गाई, म्हशी, खिलार बैल, सगळी दावणीला लागतात. मुलांना वह्या देऊन घेऊन गेले. गावाच्या लेखात बाजाराविषयी जेमतेम एक वाक्य आहे, तेवढं पुरं पडणार नाही.

एका जुन्या व्यापाऱ्यानं मुलांना जवळ बसवून घेतलं. सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांनी खोंडाचा ओठ वर करून दात दाखवले. दुधाचे दात असतील तो आदत, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि आठही दात आले की जुळलेला. वय सांगणारा कागद कुणाकडे नसला तरी तोंड खोटं बोलत नाही, म्हणाले. उपरण्याखाली हात घालून बोटं धरायची आणि भाव ठरवायचा, तेही त्यांनी दाखवलं. शेजारी उभ्या माणसाला आकडा कळत नाही. ठरलं की इसार द्यायचा.

मुलांनी भावांच्या चढउताराचं विचारलं. तात्यांना सालं पाठ आहेत. २०१४ मध्ये बैलगाडा शर्यतींवर बंदी आली, तेव्हा पळणाऱ्या खोंडांना विचारणारं गिऱ्हाईक कमी झालं. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा उचलून धरला, आणि खिलारांकडे पुन्हा माणसं वळली. मधे सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी या गुरांच्या रोगामुळे राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले. दावण रिकामी बघवत नव्हती, असं सांगताना तात्यांचा आवाज खाली आला.

मुलांच्या वह्या भरल्या. परतताना वर्गातला सगळ्यात गप्प मुलगा म्हणाला, “बाई, हे सगळं आजच टाकू.”

१९ जानेवारी, रविवार

आजच टाकता येणार नाही, हे त्याला समजावून सांगण्यात सकाळ गेली. तात्या खरंच बोलतात, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण विकिपीडियाचा प्रश्न वेगळा असतो: हे कुठं प्रसिद्ध झालं आहे? कोल्हापुरातला किंवा कॅलिफोर्नियातला वाचक तात्यांना भेटू शकत नाही. त्याला पडताळून पाहता येईल असा आधार द्यावा लागतो. मुलाखतीवरून स्वतः काढलेला निष्कर्ष चालत नाही. आधी तो कुठं तरी छापून यावा लागतो.

मुलानं विचारलं, “मग ज्यांच्याविषयी कुणी छापलंच नाही त्यांचं काय?” या प्रश्नावर जगभरचे संपादक वाद घालत आले आहेत. विकिमीडिया चळवळीतल्या अचल प्रभाला यांनी २०११ मध्ये याच विषयावर एक प्रकल्प केला. लोकांच्या तोंडच्या माहितीचं ध्वनिमुद्रण करून ते संदर्भ म्हणून वापरता येईल का, हे त्यांनी मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या उत्तर सोथो या भाषांमध्ये करून पाहिलं. मार्ग अजून सर्वमान्य झालेला नाही. पण प्रश्न आपल्या गावचाही आहे, आणि तो आठवीतल्या मुलाला आपणहून पडला, याचा मला फार आनंद झाला.

संध्याकाळी आधार शोधायला बसलो. लम्पीच्या बंदीच्या बातम्या आहेत, न्यायालयाचे निकाल आहेत. काष्टीचं स्टेशन ज्या दौंड-मनमाड मार्गावर आहे, तो १८७८ साली सुरू झाला, याची नोंद रेल्वेच्या इतिहासात आहे. या गोष्टी आज लिहिता येतील. दातांवरून वय ओळखण्याची रीत पशुवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत सापडेल, पण ती ‘बैल’ या लेखात शोभेल. उपरण्याखालच्या भावाला मात्र आधार मिळायचा आहे.

२२ जानेवारी, बुधवार

कुणीतरी आमच्या लेखात लिहून ठेवलं होतं की काष्टीचा बाजार महाराष्ट्रातला सर्वांत मोठा आहे. काल त्या वाक्यापुढं दुसऱ्या एका सदस्यानं ‘संदर्भ हवा’ असा साचा लावला. मुलं संतापली. त्यांना ते गावाचं नाव खाली आणणं वाटलं. एकानं तर साचा काढून टाकायला हात पुढं केला.

मी त्यांना लेखाच्या चर्चा पानावर नेलं. राग असो वा हरकत, बोलायची जागा ती. मुलांनीच मजकूर तयार केला: नमस्कार, आम्ही काष्टीचे विद्यार्थी आहोत, आपण कोणत्या स्वरूपाचा आधार ग्राह्य धराल? रात्री उत्तर आलं. त्या सदस्यांनी लिहिलं होतं की ‘सर्वांत मोठा’ ठरवायला राज्यातल्या बाजारांची तुलना करणारी आकडेवारी लागेल. ती नसेल तर ‘मोठ्या बाजारांपैकी एक’ असं एखाद्या वृत्तपत्राच्या आधारानं लिहा. शेवटी त्यांनी मुलांचं मनापासून स्वागत केलं होतं.

आम्ही एक बातमी शोधून वाक्य तसं बदललं, खाली संदर्भ जोडला. आता ते सहजासहजी कुणी खोडणार नाही. त्या सदस्यांचं गाव, वय, जात, शिक्षण आम्हाला ठाऊक नाही, त्यांना आमचं ठाऊक नाही. वाक्य खरं असावं एवढ्या एका गोष्टीसाठी दोन्हीकडच्या माणसांनी संध्याकाळ दिली. मुलांना नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा मी देऊ शकले नसते.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर जिल्ह्याच्या नावाचा विषय निघाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये राजपत्रात अधिसूचना आली आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. मग जुन्या लेखांतलं नाव सगळीकडे बदलायचं का?

आम्ही फळ्यावर उदाहरणं मांडली. ज्यांचं नाव जिल्ह्याला दिलं, त्या अहिल्यादेवी होळकरांचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडीचा. चौंडी आज अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, असं लिहिणं बरोबर. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमदनं पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसवलेलं शहर अहमदनगर. तिथं नाव बदललं तर इतिहासच कळेनासा होईल. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८४ चा सतरावा खंडही अहमदनगरचाच. पुस्तकाचं नाव आपण बदलू शकत नाही. श्रीगोंद्याचं जुनं नाव चांभारगोंदे होतं, तेही लेखात हवंच. वाचकानं जुनं नाव टाकून शोधलं तरी तो योग्य पानावर पोचावा, यासाठी पुनर्निर्देशन असतं. अभिमान आणि अचूकपणा दोन्ही सांभाळता येतात, हे मुलांना पटलं.

२ फेब्रुवारी, रविवार

मुलांना पेडगावला नेलं. भीमेकाठचा बहादूरगड, आताचा धर्मवीरगड. १६८९ मध्ये संभाजी महाराजांना कैद करून इथंच आणलं होतं. मुलं तटाशी निमूट उभी राहिली. लक्ष्मीनारायण मंदिराच्या कोरीव कामाची छायाचित्रं त्यांनी घेतली. ती विकिमीडिया कॉमन्सवर चढवताना परवाना नीट समजावला: हे चित्र कुणीही वापरू शकेल, फक्त काढणाऱ्याचं नाव द्यावं लागेल आणि पुढंही ते असंच खुलं ठेवावं लागेल. दुसऱ्याच्या संकेतस्थळावरचं चित्र किंवा वर्तमानपत्रातला मजकूर उचलून लावायचा नाही. वाचायचं, समजून घ्यायचं, आपल्या शब्दांत लिहायचं.

परतीच्या वाटेवर त्यांना श्रीधर व्यंकटेश केतकरांची गोष्ट सांगितली. सरकारचा आश्रय नसताना वर्गणीदार जमवत हिंडून या माणसानं १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड पुरे केले. मग वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश उभा केला. त्याचा पहिला खंड १९७६ चा, विसावा २०१५ चा. तर्कतीर्थ १९९४ मध्ये गेले, काम थांबलं नाही. त्या कोशांत विषयाचा जाणकार लिहीत असे आणि संपादक तपासत असे. इथं कुणीही लिहितो आणि कुणीही तपासतो. म्हणून चुका शिरतात, खोडसाळपणा होतो, गावोगावचे कितीतरी लेख एकाच साच्यातले, कोरडे राहिले आहेत. पण केतकरांच्या किंवा तर्कतीर्थांच्या खंडांत काष्टीच्या शनिवारच्या बाजाराला पानभर जागा मिळणं शक्य नव्हतं. इथं जागेची अडचण नाही. अडचण लिहिणाऱ्यांची आहे, आणि त्याहून जास्त पुराव्याची.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा गौरव दिन. ऑक्टोबरमध्ये केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला, त्यामुळे भाषणांना यंदा जोर होता. मुलांनी भाषण केलं नाही. त्यांनी पडद्यावर काष्टीचं पान उघडलं आणि प्रत्येक वाक्याखालचा आधार वाचून दाखवला. पुढच्या रांगेत तात्या बसले होते. त्यांनी विचारलं, “माझं बोटांचं गणित कुठाय?”

मुलांनी त्यांना खरं उत्तर दिलं: अजून छापलेलं नाही. म्हणून शाळेच्या यंदाच्या हस्तलिखिताऐवजी छापील वार्षिक अंक काढायचं ठरलं. त्यात बाजारावरचा लेख येईल, तात्यांचं बोलणं येईल. शाळेचा अंक सगळ्या गोष्टींना पुरेसा आधार ठरेल असं नाही. पण उद्या एखादा अभ्यासक किंवा पत्रकार या विषयावर लिहायला बसला, तर त्याला धागा मिळेल. त्यानं लिहिलं की विकिपीडियाला आधार मिळेल.

शंभर-सव्वाशे वर्षं आपल्या गावांविषयी बाहेरून आलेल्यांनी लिहिलं. त्यांचे उपकार आहेतच. आता लिहिण्याची मुभा गावाला मिळाली आहे, पण पुराव्याशिवाय ती वाया जाईल. तुमच्या गावात शाळेची स्मरणिका, पतसंस्थेचा किंवा बाजार समितीचा वार्षिक अहवाल, यात्रेची पत्रिका, जुनं वर्तमानपत्र असेल तर ते रद्दीत घालू नका. त्याचं साल लिहून ठेवा, प्रत ग्रंथालयात द्या. मग एखाद्या रविवारी आपल्या गावाचं पान उघडा आणि आधार देता येईल असं एक वाक्य त्यात लिहा. पुढचं वाक्य लिहायला दुसरं कुणीतरी येईल.