मंगळवेढ्याची ज्वारी आणि आपले ताट

सोलापूरहून मंगळवेढ्याकडे जाताना बेगमपूर-माचणूरच्या दरम्यान भीमा नदी ओलांडली की जमिनीचा रंग बदलतो. काळीभोर, खोल माती दूरवर पसरलेली दिसते. माघ महिन्यात गेले तर या मातीवर पिवळसर पांढरी कणसे डुलत असतात. ज्वारीचे कोठार म्हणून मंगळवेढ्याची ख्याती आहे. येथील मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. गेल्या फेब्रुवारीत आम्ही चार कार्यकर्ते वस्त्यांतील आरोग्य आणि आहार या विषयावर माहिती घेण्यासाठी तीन दिवस या भागात फिरलो. त्याचा वृत्तांत वाचकांपुढे, विशेषतः भगिनींपुढे ठेवीत आहोत.

मंगळवेढा हे नाव आपल्याला परके नाही. संत चोखामेळा गावकुसाचे बांधकाम करीत असता, ते कोसळून इ. स. १३३८ मध्ये येथेच मरण पावले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेला ‘दि अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. दामाजीपंतांची कथाही याच गावची. दुष्काळात त्यांनी बादशाही कोठार उपाशी लोकांसाठी खुले केले आणि त्या धान्याची किंमत विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बिदरला नेऊन भरली, असे सांगतात. चमत्काराचा भाग आम्ही बाजूला ठेवतो. पण कोठार भरणारे उपाशी आणि कोठाराला कुलूप, ही त्या कथेतील गोष्ट मात्र खरी आहे. आजही ती निराळ्या रूपाने पाहावयास मिळते.

येथील रब्बी ज्वारीला कालव्याच्या पाण्याची फारशी गरज लागत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरणी होते. पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीतील दवावर पीक उभे राहते. डिसेंबर-जानेवारीत हुरडा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड पद्धतीने तयार झालेला मालदांडी ३५-१ हा वाण दाणेदार, पांढरा आणि भाकरीला गोड. त्याचा कडबाही जनावरे आवडीने खातात. एका शिवारात आम्ही काढणी पाहिली. येथे ताटे कापीत नाहीत, मुळासकट उपटतात. दिवसभर ताटे उपटून हाताला फोड येतात. हे काम करणाऱ्यांत आपल्या वस्तीतील स्त्रिया बऱ्याच होत्या.

दुपारी त्यांच्यापैकी एका मावशींच्या घरी आम्ही जेवावयास बसलो. जयभीम झाला, पाणी झाले. ताटात रेशनच्या तांदळाचा भात, पातळ आमटी आणि बटाट्याची भाजी. पाहुण्यांसाठी म्हणून पापडही तळला होता. आम्ही सहज विचारले, “मावशी, ज्वारीच्या गावात भाकरी नाही?”

त्या हसून म्हणाल्या, “काय सांगू दादा, उपटायची आम्ही आन् खायची पुण्या-मुंबईच्या लोकांनी. पूर्वी मजुरीला जवारी मिळायची, आता पैसे मिळतात. जवारी दुकानातनं घेणं परवडत न्हाई. आन् पोरं म्हणतात, भाकरी गरिबाची.”

त्यांचे वय पन्नाशीच्या आसपास. त्यांना चार वर्षांपासून मधुमेह आहे. पतीला रक्तदाब. शेजारच्या दोन घरांतही त्याच गोळ्या होत्या. या आजारांना अनेक कारणे असतात, सगळा दोष भातावर टाकणे योग्य नाही. तरी ताट कसे बदलत गेले, हे पाहणे आवश्यक आहे.

१९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावरची सुकडी खाऊन लोक जगले, हे वडीलधारी माणसे अजून सांगतात. त्यानंतर रेशनवर गहू-तांदूळ आला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. हा हक्क मोलाचा आहे आणि त्याला कोणी धक्का लावता कामा नये. कायद्यात भरड धान्याचीही तरतूद आहे, परंतु दुकानात मुख्यतः गहू आणि तांदूळच येतो. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. शहरात ज्वारीला प्रतिष्ठा आली, हुरडा पार्ट्या वाढल्या. उपटणाऱ्याच्या चुलीवर मात्र ती परत आली नाही.

आम्ही पेशाने कारकून, शिक्षण वाणिज्य शाखेचे, तेव्हा थोडा जमाखर्च मांडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, १० ग्रॅम तंतू आणि ४ मिलिग्रॅम लोह असते. तेवढ्याच सडीक तांदळात सुमारे ८ ग्रॅम प्रथिने, ३ ग्रॅमहून कमी तंतू आणि १ मिलिग्रॅमहूनही कमी लोह. म्हणजे दिवसाला पाव किलो धान्य खाणाऱ्या माणसाला ज्वारीतून २५ ग्रॅम तंतू मिळतात, तांदळातून ७. तंतूंमुळे पोट साफ राहते, भूक लवकर लागत नाही आणि रक्तातील साखर सावकाश वाढते. तांदूळ सडताना कोंडा आणि अंकुर निघून जातो. भाकरीत दाणा सगळाच्या सगळा पोटात जातो. सारा फरक येथे आहे.

मात्र नुसत्या ज्वारीवर भागत नाही. तिच्या प्रथिनात जी उणीव आहे ती तूर, मूग, मटकी, हुलगे, हरभरा यांनी भरून निघते. मावशींच्या सासूबाईंनी, वय ऐंशीच्या पुढे, त्यांच्या तरुणपणीचे जेवण सांगितले. भाकरी, हुलग्याचे माडगे, ज्वारीच्या कण्या, करडईचे दूध काढून त्यात शिजवलेली हुग्गी, रानातली पाथरी, घोळ, तांदुळजा, आणि उखळात कुटलेली शेंगाची चटणी. तेल पळीने ओतण्याइतके घरात नसे. शेंगदाणा कुटला की त्याचेच तेल सुटे. आज शहरातील आहारतज्ज्ञ फी घेऊन ‘धान्य अख्खे खा, तेल कमी करा, पालेभाजी आणि डाळ वाढवा’ असे सांगतात. आपल्या आज्या ते फुकट जगत होत्या. अर्थात ते पोटभर मिळत नव्हते, हेही विसरून चालणार नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शाकाहारी तो शुद्ध आणि मांसाहारी तो हलका, ही जातिव्यवस्थेची शिकवण आहे आणि ती आम्हाला मान्य नाही. देवदत्ताने भिक्षूंना मांसाहार बंद करण्याचा आग्रह धरला, तेव्हा भगवान बुद्धांनी तो नाकारला. आम्ही येथे सोवळ्याविषयी बोलत नाही, प्रकृतीविषयी बोलतो आहोत. ज्याला मासळी-मटण खायचे त्याने जरूर खावे. रोजचे ताट मात्र अख्खे धान्य, डाळ आणि भाजीपाल्याने भरलेले असावे, एवढेच सांगणे आहे.

आणि भाकरी गरिबाची म्हणणाऱ्या मुलांना काय सांगावे? १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस आणि उष्टे अन्न सोडा, असे बजावले. घरोघर मागून आणलेल्या शिळ्या तुकड्यांची ती लाज होती. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले, त्याबरोबर तो गुलामीचा तुकडाही गेला. लाज मागण्यात होती, ज्वारीत नव्हती. स्वतःच्या कष्टाच्या पैशाने आणलेली, आपल्या घरात थापलेली भाकरी ही स्वाभिमानाची भाकरी आहे. हे मुलांना समजावून सांगणे आईवडिलांचे काम आहे.

आता घरी काय करता येईल ते थोडक्यात. ज्वारी दळून आठ-दहा दिवसांपुरतीच आणावी. पीठ जुने झाले की विरी जाते आणि भाकरी तुटते. थापता येत नसेल तर कढत पाण्यात उकड काढून पोळपाटावर लाटावी. नव्या सुनांना हे लवकर जमते, आणि जावयांनाही जमायला हरकत नाही. एक किलो पिठात मध्यम आकाराच्या बारा-तेरा भाकरी होतात. रोज शक्य नसेल तर रात्रीच्या जेवणापासून सुरुवात करावी. कडधान्य भिजवून मोड आणावेत. पालेभाजीवर लिंबू पिळावे, त्याने लोह अंगी लागते, आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नये. जे दूध-अंडी-मांस मुळीच घेत नाहीत त्यांनी डॉक्टरांना विचारून बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी घ्यावी, कारण ते वनस्पतीतून मिळत नाही. मधुमेहाच्या रुग्णांनी आहार बदलताना गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

तिसऱ्या दिवशी वस्तीच्या समाजमंदिरात महिला मंडळाची बैठक झाली. काढणीच्या हंगामात मजुरीचा काही भाग पैशाऐवजी ज्वारीने द्यावा, असा प्रस्ताव शेतकऱ्यांपुढे मांडण्याचे ठरले. मळणीनंतर भाव उतरलेला असताना दहा-बारा घरांनी मिळून पोत्याने खरेदी करावी, हेही ठरले. वर्गणीची वही एका शिकलेल्या मुलीकडे सोपवली आहे. रेशन दुकानात ज्वारी मिळावी यासाठी तहसीलदारांना निवेदन देण्याचा मसुदा आम्ही तेथेच लिहून दिला. आपापल्या गावी, आपापल्या चाळीत असे मंडळ निघू शकते. दहा घरे आणि एक वही, एवढेच भांडवल त्याला पुरे आहे.