सूनबाईचं मूळ गाव

ॲडलेड

ती. दादास,


परवा फोनवर तू विचारलंस, सूनबाईचं मूळ गाव कुठलं? मी विषय बदलला. एका शब्दात सांगवेना, म्हणून लिहायला बसले.

तिचे खापरपणजोबा कराचीहून उंटांबरोबर इथे ऑस्ट्रेलियात आले. कराची तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होती. 1865च्या शेवटच्या दिवशी थॉमस एल्डर नावाच्या इथल्या व्यापाऱ्याचे शंभरावर उंट आणि 31 उंटवाले पोर्ट ऑगस्टा बंदरात उतरले. पुढे वर्षानुवर्षं माणसं येत राहिली. कोणी बलुची, कोणी पठाण, कोणी पंजाबी, सिंधी, काश्मिरी. गोऱ्यांनी सगळ्यांना एकच नाव ठेवलं, 'अफगाण'. त्याचंही पुढे नुसतं 'घान' झालं. सूनबाईच्या घरच्या कागदांवर तेवढंच आहे, गावाचं नाव नाही. घरात पिढ्यान्‌पिढ्या एवढंच सांगत आलेत, की गावाजवळून नदी वाहायची.

दादा, घोडे-बैल पाण्यावाचून कोसळायचे तिथे हे लोक उंट हाकत गेले. 1872 मध्ये डार्विनपर्यंत तार पोचली, तिचं सामान उंटांनी वाहिलं. खाणींवरचं पीठ-साखर, मेंढ्यांची लोकर, पुढे रेल्वेचं सामानसुद्धा. आणि 1903च्या कायद्यानं आशियातल्या माणसाला इथलं नागरिकत्वच बंद केलं. मोटारी आल्यावर उंटांची गरज सरली. 1925च्या कायद्यानं बेवारस उंटांना गोळ्या घालायची मुभा मिळाली. कित्येकांनी आपले उंट रातोरात वाळवंटात सोडून दिले. जनावरावर पोट भरलेल्या माणसाला ते कसं जमलं असेल, तुला सांगायला नको. आपल्या आबांनी बैलजोडी विकली, त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती.

मागच्या महिन्यात सूनबाई आम्हाला मारी नावाच्या उंटवाल्यांच्या जुन्या गावी घेऊन गेली. रुळांच्या एका बाजूला गोऱ्यांची वस्ती असायची, दुसऱ्या बाजूला उंटवाल्यांची आणि इथल्या आदिवासींची. मातीच्या मशिदीची प्रतिकृती आहे, त्यांनी लावलेली खजुराची झाडं अजून उभी आहेत. दफनभूमीतही वाटण्या आहेत. ती खापरपणजोबांच्या कबरीपाशी बराच वेळ बसली. मग म्हणाली, "आई, यांचं गाव मला कधीच सापडणार नाही." मला फार लागलं ते.

पण त्या कबरीतल्या माणसानं लग्न केलं ते अरबाना जमातीच्या आदिवासी बाईशी. मारीची जमीन अरबाना लोकांची, गोऱ्यांच्या कितीतरी आधीपासूनची. परतताना गाडीत मी तिला तेच म्हणाले. ती काही बोलली नाही, नुसता माझा हात धरला.

दिवाळीत आम्ही साताऱ्याला येतोय. वाड्यातल्या बायका तिला गाव विचारतीलच. ती अडखळली तर तू पुढे हो आणि सांग, आमच्या सुनेचं गाव मारी.

तुझी,
धाकटी