लोणी की बेसन?

शेड कार्डवरच्या दोन पिवळ्या चौकोनांसाठी कुणी पुण्याहून नांदेडला जातं का? मी गेलो. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, पाकिटात कार्ड ठेवून.

झालं असं, की बाबा रिटायर झाले आणि नांदेडचं भाड्याचं घर सोडून दोघं लातूरला आजोबांच्या घरी राहायला गेले. तिथं रंगकाम काढलं. आईची अट एकच : हॉलला नांदेडचाच पिवळा हवा. पेंटरने दोन शेड्स काढल्या. एक लोण्याकडे झुकणारी, दुसरी बेसनाकडे. मोबाइलच्या फोटोत दोन्ही सेम टू सेम! बाबा म्हणाले, "कोणताही लाव." आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. बावीस वर्षं त्या हॉलमध्ये काढलेली बाई; लातूरच्या घरात तिचं म्हणावं असं अजून काहीच नव्हतं.

नांदेडला उतरल्यावर पाय आधी गुरुद्वाऱ्याकडेच वळतात. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतलेलं सचखंड. कोवळ्या उन्हात, सोनेरी घुमटाखाली पांढरा रंग सायीसारखा दिसतो. तोच सावलीत निळसर. मी तिथंच कार्ड काढलं. उन्हात बेसन झकास, सावलीत पार मातकट. म्हणजे कार्डावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता.

जुन्या घराच्या हॉलला आता जांभळट रंग. (असो.) नव्या भाडेकरू काकू मात्र दिलदार. "रंग बघायला आलाव? पुण्याहून?" म्हणत त्यांनी भिंतीतलं फडताळ उघडलं, डबे बाजूला केले. मागे आमचा पिवळा जसाच्या तसा! कार्ड टेकवलं. लोणी. केस क्लोज्ड.

लोहा, अहमदपूर करत एसटीने दुपारी लातूर गाठलं. गंजगोलाईतून फुटणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी आपला कोणता, यात मी अजूनही गडबडतो. पेंटरने सकाळीच हॉलमध्ये दोन मोठे पट्टे मारून ठेवले होते. भिंतीवर ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपातली भेग आहे, ती पुट्टीने भरलेली. "तिथं आधी प्रायमर लागतो," तो म्हणाला, "न्हाई तर पुट्टी रंग पिते अन् डाग दिसतो. आन ओला रंग बघून ठरवू नका, वाळल्यावर गडद होतो."

मराठवाड्यातलं दुपारचं ऊन दारातून आत आलं आणि लोण्याचा नुसता चुना झाला. मी फडताळाची गोष्ट सांगितली, तर पेंटर हसला. "फडताळात धूर जातो का, दादा? बाहेरचा पिवळा उदबत्ती अन् फोडणी खाऊन पिकतो."

संध्याकाळी आई आली. देवापाशी दिवा लावला, ट्यूब लावली, दोन्ही पट्ट्यांसमोर बराच वेळ उभी राहिली. मग बेसनावर तळहात ठेवला.

"हाच की रे. आपला नांदेडचा."

माझ्या खिशात कार्ड होतं, लोण्यावर पेनाने गोल केलेलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी पेंटरला शेडचा नंबर सांगितला. बेसनाचा.