मांडवीच्या काठी : होडीत पेट्रोल भरताना

पणजीहून बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीत उभे राहिले की मांडवीचे विशाल पात्र एका दृष्टिक्षेपात सामावते. मागे पणजीच्या इमारती, समोर बार्देशाची हिरवी टेकडी आणि डाव्या हाताला, नदीच्या मुखाकडे, १५५५ साली स्थापन झालेले रेईश मागूशचे शुभ्र मंदिर. ६ मे १५४२ रोजी संत फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले, त्या काळी वारा व भरती यांच्या भरवशावर गलबते चालत. आज बेतीजवळच्या मालीम धक्क्यावर यंत्रांची घरघर ऐकू येते आणि मासळीच्या वासात तेलाचा वास मिसळलेला असतो.

त्या धक्क्यावर मोठे ट्रॉलर डिझेलवर चालतात, तर मागे यंत्र टांगलेल्या लहान होड्यांना बहुधा पेट्रोल लागते. हा भेद आमच्या कोळी कुटुंबांनी नीट ध्यानी घ्यावा. डिझेलची वाफ सहजी होत नाही. पेट्रोलची मात्र बर्फाहूनही कितीतरी अधिक थंडीत पेट घेण्याइतकी वाफ होते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चारपट जड असते. रस्त्यावरच्या पंपावर वारा तिला उडवून नेतो. होडीत ती तळाशी जाऊन बसते. बाहेरचे पाणी आत येऊ नये म्हणून जी होडी घडविली, तीच होडी आतली वाफ बाहेर जाऊ देत नाही. हवेत शेकडा दीड भाग इतकी वाफ मिसळली तरी एका ठिणगीने भडका उडतो. ती ठिणगी विडीची असेल, चुलीची असेल, किंवा बॅटरीच्या साध्या बटणाचीही असेल.

सावध तांडेल कसे काम करतो, हे आम्ही या काठावर पाहिले आहे. तो प्रथम यंत्र बंद करतो, विडी व चूल विझवितो आणि माणसांना, विशेषतः मुलांना, धक्क्यावर उतरवितो. सुटी टाकी असेल तर ती होडीत ठेवून भरीत नाही. उचलून काठावर आणतो व जमिनीवर टेकवितो. यंत्रासाठी पेट्रोलमध्ये वंगण मिसळायचे असेल तर तेही काठावरच. टाकी पक्की बसविलेली असेल तर खालच्या कप्प्यांची झाकणे भरण्यापूर्वी मिटून घेतो, म्हणजे वाफ आत उतरत नाही. नळीचे तोंड टाकीच्या तोंडाला टेकवूनच धरतो, कारण वाहत्या तेलाने साठलेली वीज मध्येच ठिणगी टाकू शकते. टाकी काठोकाठ भरीत नाही. उन्हाने पेट्रोल फुगते, म्हणून वर थोडी जागा राखतो.

भरून झाले की सांडलेला थेंबही फडक्याने टिपतो. नदीत ओतीत नाही आणि ते फडके होडीत ठेवीत नाही. मग सारी झाकणे उघडून होडीला वारा लागू देतो, खाली वाकून तळाचा वास घेतो, आणि वास पुरता गेल्यावरच यंत्र सुरू करून माणसे आत घेतो. जवळ आग विझविण्याची भुकटी ठेवतो. कारण पेट्रोल पाण्यावर तरंगते, आणि जळत्या पेट्रोलवर पाणी ओतले तर आग पसरते.

अशाच एका वृद्ध तांडेलाने आम्हांस म्हटले, “फादर, लाट दिसते, म्हणून तिची भीती वाटते. ही वाफ दिसत नाही, म्हणून पोरे हसण्यावारी नेतात.” त्याच्या बोलण्यात आम्हांस पुष्कळ तथ्य वाटले. जो तरुण वादळात होडी लोटीत नाही, तोच घाईच्या दिवशी यंत्र चालू ठेवून, आई-बहिणींना आत बसवून, नरसाळ्याने पेट्रोल ओततो. पावसाळ्यात काठावर पडून राहिलेल्या होडीच्या नळ्यांना चिरा गेल्या आहेत काय, हेही तो पाहत नाही.

२९ जून रोजी, संत पेत्र व संत पावल यांच्या सणाला, बार्देशातील कोळी बांधव होड्या एकमेकींस बांधून त्यावर सांगोड सजवितात. गाणी होतात, नाटके होतात, काठावर आबालवृद्ध जमतात. असा आनंदाचा दिवस असो वा रोजची फेरी असो, होडीत बसणारा जीव कोणा ना कोणा घरचा असतो, आणि तो तांडेलाच्या स्वाधीन असतो.

प्रभू येशू शिमोनाच्या होडीत बसला, तेव्हा त्याने एका कोळ्याच्या साधनावर भरवसा ठेवला. आमच्या होड्यांत बसणारी लेकरेही तसाच भरवसा ठेवून बसतात. त्यांना काठावर उतरवून पेट्रोल भरावयास आणि वाफ जाईपर्यंत थांबावयास थोडा वेळ लागेल, भरतीही कदाचित चुकेल. तरी कुटुंबप्रमुखांनी तो वेळ द्यावा, आणि घरच्या मातांनी त्यांस तो देण्याचा आग्रह धरावा, एवढीच आमची विनंती आहे.